ड्राफ्टआधी तरुण पिचर कसा जोखावा

२००६च्या जूनमध्ये मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा, ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं. तेव्हा पहिल्या अकरा नावांत आठ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होते. सातव्या क्रमांकावर गेलेल्या क्लेटन कर्शॉने पुढे तीनदा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार मिळवला, दहाव्या टिम लिन्सिकमने दोनदा, अकराव्या मॅक्स शर्झरने तीनदा. पहिल्या सहा जागांत निवडलेल्या पाच पिचरांना मिळून एकही नाही. निवड करणारे अडाणी नव्हते. प्रत्येक संघाचे पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, त्या मुलांना महिनोन् महिने बघत होते, वेग मोजणारी रडार गन सगळ्यांच्याच हातात होती. तरीही क्रम चुकला.

माझं मत असं की पिचर जोखताना ‘हा आज किती चांगला आहे’ हे कळायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो याला पुढे काय शिकवता येईल आणि काय कधीच शिकवता येणार नाही, हे वेगळं काढायला. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका निवाड्यासाठी आहेत. ड्राफ्टआधी स्वतःची यादी करू पाहणाऱ्या चाहत्यांसाठी हे लिहितोय. मुलगा अमेरिकेतल्या शाळेत पिचिंग करतो अशा मराठी आईबाबांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी पात्रता

अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको इथे शिकणारे खेळाडूच ड्राफ्टमध्ये येतात. हायस्कूल संपवलेला मुलगा चालतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षं भरेपर्यंत थांबावं लागतं. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातला खेळाडू केव्हाही पात्र. डोमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातली मुलं या यादीत शोधू नका, त्यांचे करार वेगळ्या आंतरराष्ट्रीय वाटेने होतात. भारतात राहणाऱ्या खेळाडूची वाटही तीच. पासपोर्ट कुठला यापेक्षा शिक्षण कुठे झालं हे इथे महत्त्वाचं, त्यामुळे न्यू जर्सीच्या शाळेत खेळणारा पुणेकरांचा मुलगा ड्राफ्टमध्येच येणार.

२०२१पासून ड्राफ्ट जुलैत होतो आणि २० फेऱ्यांचा असतो. म्हणजे तुमचं खरं काम फेब्रुवारीच्या मध्याला, कॉलेजचा हंगाम सुरू होताना, लागतं.

बघायचं कुठून

पिचरला किमान दोन जागांवरून बघा. पहिली होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे, तिथून चेंडूची हालचाल कळते. दुसरी बाजूने. उजव्या हाताचा पिचर असेल तर तिसऱ्या बेसच्या अंगाला, डावखुरा असेल तर पहिल्या बेसच्या, म्हणजे त्याची छाती तुमच्याकडे असेल. तिथून हात, खांदा, पाऊल यांचा मेळ दिसतो. घरी बसून प्रक्षेपण बघत असाल तर कॅमेरा सेंटर फील्डमधून, म्हणजे पिचरच्या पाठीमागून, अनेकदा थोडा तिरका लावलेला असतो. त्यामुळे चेंडूचं आडवं वळण डोळ्याला फसवतं, हे धरून चला.

सामन्याच्या अर्धा तास आधी पोचा. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागी, मुलगा गरम होताना कुठला चेंडू आज हाताला बसत नाहीये ते कळतं. मग सामन्यात तो चेंडू गरज पडल्यावर टाकायची हिंमत करतो की गुपचूप बाजूला ठेवतो, हे बघण्यासारखं असतं.

फास्टबॉल: वेग हा फक्त पहिला रकाना

वहीत वेगाचे तीन आकडे लिहा: पहिल्या इनिंगमध्ये (इथे इनिंग म्हणजे सामन्याचा एक छोटा भाग) तो कुठे राहतो, पाचव्या इनिंगमध्ये कुठे राहतो, आणि सर्वांत वेगवान एक फेक. मोठ्या बातम्या तिसऱ्या आकड्यावर होतात, तुम्ही पहिल्या दोघांतला फरक बघा. ताशी ९७ मैलांनी सुरू करून पाचवीत ९२वर आलेला मुलगा आणि ९४वर सुरू करून ९४वरच राहिलेला मुलगा यांत मी दुसऱ्याला वर ठेवीन, निदान स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करून बऱ्याच इनिंग टाकणारा पिचर, म्हणून. मेजर लीगमध्ये फोर-सीम फास्टबॉलचा, म्हणजे सरळ जोरदार चेंडूचा, सरासरी वेग आता ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे साधारण १५१ किलोमीटरच्या, आसपास आहे. त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाने ९३ टाकले तर ते पुरेसं आहे, एकविसाव्या वर्षी ९३ असतील तर सोबत आणखी काहीतरी हवं.

ते आणखी काहीतरी म्हणजे चेंडूचा आकार. फोर-सीम फास्टबॉल उलटा फिरत जातो, म्हणून गुरुत्वाकर्षणाने जितका खाली यायला हवा तितका येत नाही आणि बॅटरला तो उसळल्यासारखा भासतो. ट्रॅकमॅनसारखी यंत्रं हा ‘न पडलेला’ भाग इंचांत मोजतात. मेजर लीगची सरासरी १६ इंचांच्या जवळपास आहे. पण हा आकडा एकटा वाचू नका. उंच पिचर डोक्यावरून हात आणून १८ इंच मिळवत असेल तर बॅटरला त्याची अपेक्षाच असते. बुटका मुलगा खालच्या कोनातून तेवढेच इंच काढत असेल, तर चेंडू प्लेटवर सपाट येतो आणि झोनच्या, म्हणजे जिच्यातून गेलेला चेंडू बॅटरविरुद्ध धरतात त्या चौकटीच्या, वरच्या भागात बॅट त्याच्या खालून जाते. उंची कमी म्हणून कित्येक वर्षं मागे ढकलली जाणारी मुलं आता वर येतात, त्यामागे हे गणित आहे. लिन्सिकम ५ फूट ११ इंचांचा होता. २००६मध्ये ती उणी बाजू धरली गेली.

याच्या जोडीला बघा तो चेंडू कुठे सुटतो ते. माउंडवरच्या, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरच्या, रबरी पट्टीपासून होम प्लेट ६० फूट ६ इंचांवर आहे, पण पिचर पाऊल टाकून पुढे झुकतो आणि सरासरी साडेसहा फुटांच्या थोडं अलीकडे चेंडू सोडतो. एखादा सात फूट पुढे येऊन सोडत असेल तर तोच वेग बॅटरला जास्त वाटतो.

यातलं शिकवण्याजोगं काय? वेग काही प्रमाणात वाढवता येतो, आणि आजकाल तो बराच वाढवला जातो. शेन बीबर सांता बार्बराच्या कॉलेज संघात शिष्यवृत्तीविना आला होता, अचूक पण वेग बेताचा. क्लीव्हलँडने २०१६मध्ये चौथ्या फेरीत घेतलं, वेग चढवला, आणि २०२०मध्ये त्याला साय यंग मिळाला. हात कुठल्या कोनातून येतो आणि चेंडू बोटांतून नैसर्गिकपणे कसा सुटतो, हे मात्र फारसं बदलत नाही. ग्रेड देताना मी त्यालाच जास्त वजन देतो.

निव्वळ वेगावर माणसं निवडली तर काय होतं, याचा एक प्रयोग भारतातच झालाय. २००८मध्ये एका स्पर्धेतून, मुख्यतः जोरात आणि सरळ कोण फेकतं यावर, उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघेही भालाफेकीतले. पिट्सबर्ग पायरट्सने त्यांच्याशी करार केला, रिंकू मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवर, काही हंगाम टिकलाही. मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. (रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान या नावाने गाजला, ते वेगळं.)

बाकीचे चेंडू

स्लायडर किंवा कर्व्हबॉल हे वळणारे चेंडू जोखताना किती वळतो यावर भाळू नका. त्याच्या वळणाला उशीर आहे का, आणि तो झोनमध्ये टाकता येतो का, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. हायस्कूलचे बॅटर झोनबाहेरच्या कुठल्याही वळणाऱ्या चेंडूमागे बॅट फिरवतात, मोठे फिरवत नाहीत. २०२१मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या जॅक्सन जोबच्या स्लायडरची फिरकी मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर होती आणि त्याच बळावर हायस्कूलचा मुलगा एवढ्या वर गेला. अशी फिरकी उपजत असते, शिकवून फार वाढत नाही.

चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासणारा पण हळू येणारा चेंडू, मात्र शिकवता येतो, म्हणून अठरा वर्षांच्या मुलाकडे तो कच्चा असेल तर घाबरू नका. फक्त एवढं बघा की चेंजअप टाकताना हात मंदावतो का. मंदावत असेल तर बॅटरला आधीच कळतं. चांगला पिचर हात फास्टबॉलच्याच वेगाने आणतो, चेंडू हळू येतो तो पकडीमुळे.

ड्राफ्टनंतर नवा चेंडू येतो, आणि कधीकधी तोच करिअर घडवतो. कर्शॉचा ओळखीचा स्लायडर २००९मधला, तेव्हा तो मेजर लीगमध्ये पोचलेला होता. २०२३मध्ये पिट्सबर्गने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या पॉल स्कीन्सचा स्प्लिटर आणि सिंकर (दोन्ही खाली जाणारे) यांच्यामधला चेंडूही ड्राफ्टनंतरच खुलला. म्हणून ‘याच्याकडे तिसरा चेंडू नाही’ एवढ्यावर कुणाला कापू नका. त्याऐवजी विचारा: हा गेल्या वर्षी काय टाकत होता आणि यंदा काय नवीन आहे? वर्षभरात एक चेंडू शिकलेला मुलगा पुढेही शिकतो.

शरीर आणि हालचाल

क्रिकेटच्या नजरेला इथे थोडी सवय बदलावी लागते. गोलंदाजाला धावत येऊन वेग गोळा करता येतो, पिचर जागेवर उभा राहून एका पावलात तो काढतो, त्यामुळे नितंब आणि खांदा यांच्यातल्या पिळावर सगळा भार असतो. बाजूने बघताना पुढचं पाऊल जमिनीला टेकतं त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. फेकणारा हात तोवर वर आलेला असायला हवा. हात मागे रेंगाळत असेल तर उरलेलं काम खांदा आणि कोपर घाईघाईने करतात. चेंडू सुटल्यावर मुलगा दर वेळी एकाच बाजूला कोलमडतो का, डोकं झटकतं का, तेही टिपा.

आता तो व्हिडिओ पहिल्या आणि पाचव्या इनिंगमधून पाच-पाच वेळा थांबवा आणि चेंडू सुटण्याची जागा ताडून बघा. हे कंटाळवाणं काम आहे, बरेच जण करत नाहीत. पण हालचाल पुन्हा पुन्हा तशीच करता येणं हेच पुढे अचूकपणाचं मूळ असतं.

बेसवर धावपटू असताना घड्याळ लावा. पिचरची पहिली हालचाल ते चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये, १.३ सेकंदांच्या आत आलं पाहिजे. १.५ लागत असतील तर वरच्या पातळीवर धावपटू बेस चोरत, म्हणजे फेक चालू असतानाच पुढच्या बेसवर पळत, राहतील. हे मात्र शिकवता येतं, फार गुण कापू नका.

एक कल माझा आहे, तो मान्य करा किंवा सोडून द्या: इतर जागी खेळलेला पिचर मला आवडतो. जेकब डीग्रॉम स्टेट्सन विद्यापीठात मुख्यतः शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता, पिचिंगकडे उशिरा वळला आणि २०१०मध्ये नवव्या फेरीत, २७२व्या क्रमांकावर गेला. दोन साय यंग. स्कीन्स एअर फोर्स अकॅडमीत कॅचरही होता. अशा मुलांना शरीर वापरता येतं, त्यांना सांगितलेला बदल लवकर अंगवळणी पडतो.

स्ट्राइक टाकणं आणि ग्लव्ह गाठणं

झोनमध्ये चेंडू टाकणं एक, आणि कॅचरने जिथे ग्लव्ह धरला तिथेच टाकणं दुसरं. आकडेवारीत फक्त पहिलं दिसतं. दुसऱ्यासाठी वीसेक फेका निवडा आणि प्रत्येक वेळी ग्लव्ह किती सरकला ते लिहा. चुका एकाच दिशेला होत असतील तर दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. चारही दिशांना होत असतील तर दुरुस्ती लांबची, आणि असा मुलगा बहुधा रिलीव्हर, म्हणजे नंतर थोड्या इनिंगसाठी येणारा पिचर, होतो.

रिलीव्हर होणं म्हणजे वाया जाणं नव्हे. २००६मध्ये सहाव्या क्रमांकावर गेलेला अँड्र्यू मिलर स्टार्टर म्हणून कधी स्थिरावला नाही, पण रिलीव्हर म्हणून २०१६च्या अमेरिकन लीग (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फक्त पहिल्या फेरीची किंमत स्टार्टरसाठी मोजायची असते, हे विसरू नका.

आकडे, आणि समोर कोण होतं

पिचरच्या नावापुढे दिलेल्या धावांची सरासरी सर्वांत शेवटी बघा, तिच्यात क्षेत्ररक्षण आणि नशीब मिसळलेलं असतं. स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकवर बाद) टक्केवारी उणे वॉकची (झोनबाहेरच्या चार चेंडूंमुळे बॅटरला फुकट पहिला बेस) टक्केवारी हा माझा पहिला आकडा. तुलनेसाठी, मेजर लीगमध्ये सरासरी पिचर २२-२३ टक्के बॅटरना स्ट्राइकआउट करतो आणि ८ टक्क्यांच्या थोडं वर वॉक देतो. स्कीन्सने २०२३मध्ये लुईझियाना स्टेटकडून २०९ स्ट्राइकआउट केले, साउथईस्टर्न कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटाचा विक्रम, आणि वॉक दिले फक्त २०. असा आकडा समोर आला की फार विचार करायचा नसतो. पिट्सबर्गनेही केला नाही.

पण समोर कोण होतं? मोठ्या कॉन्फरन्समध्ये शुक्रवारी पहिला सामना टाकणाऱ्याला समोरच्या संघाची सर्वांत ताजी बॅटिंग फळी मिळते, मंगळवारच्या सामन्यात दुबळ्या संघाविरुद्ध बारा स्ट्राइकआउट करणाऱ्याला नाही. हायस्कूलचे आकडे तर जवळपास निरुपयोगी. कर्शॉने शेवटच्या वर्षी एका सामन्यात समोर आलेल्या पंधराच्या पंधरा बॅटरना स्ट्राइकआउट केलं होतं. गोष्ट सांगायला झकास, पण असे सामने दर वर्षी कुणी ना कुणी खेळतं, आणि त्यांतला एखादाच कर्शॉ निघतो.

हायस्कूलच्या मुलासाठी उन्हाळ्यातली शिबिरं आणि निवडक सामने बघा, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातले एरिया कोड गेम्स. तिथे समोर देशातले चांगले बॅटर असतात. मात्र पिचर एक-दोन इनिंगच टाकतो आणि जीव काढून टाकतो, म्हणून तिथला वेग दोनेक मैलांनी फुगलेला समजा. कॉलेजच्या मुलासाठी मॅसॅच्युसेट्समधली केप कॉड लीग. कॉलेजात धातूची बॅट असते आणि आतल्या बाजूचा चेंडूही कसाबसा फटका होऊन जातो, त्यामुळे पिचर आत टाकायला बिचकतात. केप कॉडमध्ये लाकडी बॅट असते. तिथे कोण आत टाकतो ते बघा.

कोपर

सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला की शरीरात दुसरीकडची कंडरा तिथे बसवतात. फ्रँक जोब यांनी ही शस्त्रक्रिया २५ सप्टेंबर १९७४ रोजी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली, तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. परतायला साधारण १२ ते १८ महिने जातात.

एमआरआयचे फोटो तुम्हाला मिळणार नाहीत, तेव्हा बाहेरून दिसतं ते गोळा करा. पिचिंगचा ठरलेला सामना हुकला का? संघाने ‘विश्रांती’ म्हटलं का? सलग दोन सामन्यांत वेग दोन-तीन मैलांनी उतरला का? फेकल्यावर हात झटकतो का? आणि मुख्य, प्रशिक्षकाने त्याला कसं वापरलं? मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने घालून दिलेल्या मर्यादेनुसार १७-१८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. त्या मर्यादेच्या आसपास टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती हवी. स्पर्धेच्या नादात एकाच आठवड्यात दोनदा शंभर टाकलेला मुलगा तुमच्या यादीत खाली जायला हवा, मग दोष त्याचा असो वा नसो.

२०१४मध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर ब्रेडी एकन या हायस्कूलच्या डावखुऱ्याला निवडलं, ६५ लाख डॉलरवर बोलणी झाली, आणि तपासणीत कोपराचा अस्थिबंध पाहून ह्यूस्टनने रक्कम कमी केली. करार झालाच नाही. तेव्हा ह्यूस्टनवर भरपूर टीका झाली. पुढच्या मार्चमध्ये एकनवर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, तो मेजर लीगपर्यंत कधी पोचला नाही. भरपाई म्हणून २०१५मध्ये मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने अलेक्स ब्रेगमन घेतला.

कुमार रॉकरची गोष्ट याच वळणाची, शेवट मात्र मधला. आईकडून भारतीय वंशाचा हा पिचर व्हँडरबिल्टकडून पहिल्याच वर्षी ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउटसह नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देणारा सामना) टाकून प्रसिद्ध झाला. २०२१मध्ये न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर घेतला आणि वैद्यकीय अहवाल पाहून करार सोडला. वर्षभराने टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतला. २०२३मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबर २०२४मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या करारानंतर नियम बदलले. आघाडीच्या ३०० खेळाडूंपैकी कुणी ड्राफ्टआधी तपासणी करून घेतली, तर निवडणाऱ्या संघाला त्या जागेच्या ठरलेल्या रकमेच्या किमान ७५ टक्के देऊ करावे लागतात.

उलट बाजूही आहे. आधीच शस्त्रक्रिया झालेला, परत येऊन वेग टिकवलेला मुलगा अनेकदा स्वस्तात मिळतो. टारिक स्कूबलवर सिॲटल विद्यापीठात असतानाच शस्त्रक्रिया झाली होती. डेट्रॉइटने त्याला २०१८मध्ये नवव्या फेरीत घेतलं. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी अमेरिकन लीगचा साय यंग त्याचा.

वय

हायस्कूलच्या उजव्या पिचरला १९६५पासून २०२५पर्यंत एकदाही पहिल्या क्रमांकावर कुणी घेतलेलं नाही. डावखुरे तीन: १९७३चा डेव्हिड क्लाइड, १९९१चा ब्रायन टेलर आणि एकन. क्लाइडला अठराव्या वर्षी, ड्राफ्टनंतर काही आठवड्यांतच, मेजर लीगच्या माउंडवर उभं केलं, त्याची कारकीर्द १८ विजय आणि ३३ पराभवांवर थांबली. टेलर खांद्याच्या दुखापतीनंतर वर पोचलाच नाही. म्हणून यादी करताना मी हायस्कूलच्या पिचरला तितक्याच गुणांच्या कॉलेजच्या पिचरपेक्षा एक पायरी खाली ठेवतो. अपवाद करायचा तर ड्राफ्टच्या दिवशी जेमतेम अठराचा असलेल्या मुलासाठी, एकोणीस पूर्ण होत आलेल्यासाठी नाही.

ग्रेड, आणि शेवटी पैसा

स्काउटांचं मोजमाप २० ते ८० असं असतं, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. प्रत्येक गुणाला दोन आकडे द्या, आजचा आणि पुढचा. समजा फास्टबॉल ५५/६०, स्लायडर ५०/६०, चेंजअप ३५/५०, अचूकपणा ४०/५०. दोन आकड्यांतलं अंतर जिथे मोठं आहे तिथे कारण लिहायचं, एका वाक्यात: कशावरून सुधारेल? कारण सुचत नसेल तर दुसरा आकडा खाली आणा. मुलगा मार खाल्ल्यावर डगआउटमध्ये कसा वागतो, चुकीचा निर्णय देणाऱ्या अंपायरकडे बघतो की पुढच्या चेंडूकडे, हेही याच पानावर लिहा, पण त्याला आकडा देऊ नका. दोन-तीन सामन्यांवरून स्वभाव कळतो असं मला वाटत नाही.

मग पैसा. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेला रक्कम ठरलेली असते आणि संघाला तिची बेरीज सांभाळावी लागते. २०२३मध्ये पहिल्या जागेची रक्कम ९७ लाख २१ हजार डॉलर होती, स्कीन्सने ९२ लाखांना सही केली आणि उरलेले पिट्सबर्गला पुढच्या फेऱ्यांत वापरता आले. हायस्कूलच्या मुलाकडे कॉलेजची जागा हातात असते, त्याला हवं ते मिळालं नाही तर तो नाही म्हणू शकतो. २००८मध्ये यँकीजने गेरिट कोलला २८व्या क्रमांकावर निवडलं होतं. तो सही न करता यूसीएलएला गेला, २०११मध्ये पिट्सबर्गने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि ८० लाख डॉलर दिले. यँकीजना तो अखेर मिळाला डिसेंबर २०१९मध्ये, ३२ कोटी ४० लाखांना. तेव्हा तुमच्या यादीत प्रत्येक हायस्कूलच्या नावापुढे एक रकाना आखा: कुठल्या कॉलेजला होकार दिलाय, आणि घरचे काय म्हणतात.